हवा

वूस्टर, ओहायो. लिबर्टी स्ट्रीटवरचं टायरचं बंद दुकान
डेटवायलर नवराबायकोनं घेतलं तेव्हा
फरशीतून रबराचा वास जाता जाईना.
पहिला उन्हाळाभर लोक व्हॅनिला खात
आणि म्हणत, यात काहीतरी वेगळं आहे.

मी मागच्या खोलीत हिशेब लिहायची,
आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन मोजे घालून,
कारण फ्रीझरची भिंत माझ्या खुर्चीला चिकटून.
संध्याकाळी अर्लीन एक डबा उचलून काट्यावर ठेवी.
एक क्वार्ट, पावणेदोन पौंड.
काटा जरा डावीकडे रेंगाळला
की वॉल्टरला हाक जायची,
आणि सहा फूट दोन इंच वॉल्टर
गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा यंत्रापाशी उभा.
"लोक दुधाचे पैसे देतात," ती म्हणायची. "फेसाचे नाही."

मग मॅन्सफील्ड. मग अ‍ॅक्रनमध्ये दोन,
एक चाललं, एक बुडालं,
बुडालेल्याच्या खुर्च्या कॅन्टनला गेल्या.
सॅन्डस्कीचं दुकान तळ्याकाठी,
जूनमध्ये दारापासून धक्क्यापर्यंत रांग,
जानेवारीत पायरीवर एकटा पांढरा पक्षी.
नकाशावर लाल टाचण्या मीच टोचायची.
अकरावी बोटात गेली, तेव्हा केंटनं रुमाल दिला.
त्यांचा मुलगा. कोलंबसहून नुकता शिकून आलेला,
आणि त्याला सगळंच हवं होतं.

हवं, हवा.
श्वासाबरोबर फुकट मिळते ती,
आणि मागूनही मिळत नाही तो,
माझ्या भाषेत एकाच शब्दावर भागतं.
हे त्याला सांगायचं राहिलं.

एक्क्याण्णवचा ऑक्टोबर. मलईचा भाव चढलेला.
मी बेरजेखाली रेघ मारली आणि दमून म्हटलं,
"एक बरं आहे, हवेचं बिल येत नाही."
विनोदच होता.
केंट हसला नाही. त्यानं खिशातून पेन काढलं.

पुढं तसं काही घडलं नाही.
नवं यंत्र आलं, चकचकीत,
त्यावर एक चकती, ती वर्षाला एक घर सरकायची.
काटा आधी कपाटात गेला, मग कपाट गेलं.
एकोणीस. सत्तावीस. बेचाळीस.
गावोगाव डेटवायलर्सची हवा झाली.
डाव लोण्यासारखा रुतू लागला,
काउंटरवरच्या पोरांची मनगटं दुखेनाशी झाली,
हा फायदा खरा होता, तोही नोंदवून ठेवते.
तक्रार एकच आली, पत्रानं, खाली नाव नाही.
अक्षर अर्लीनचं.
मी ते फाइलला लावलं.

माझं घर, मुलीचं कॉलेज, दारातला मेपल,
सगळं त्या चकतीच्या एकेका घरातून आलं.
वॉल्टर गेला त्या दिवशी
सगळी दुकानं दुपारी एक तास बंद होती.
त्या तासाचं नुकसानही मीच काढलं.

मागच्या महिन्यात अर्लीनला भेटायला गेले.
वय एक्क्याण्णव, डोळे गेलेले,
वृद्धाश्रमातली कोपऱ्यातली खोली.
वाटेत पेट्रोलपंपाशेजारी आमचं अठ्ठेचाळिसावं दुकान,
तिथून व्हॅनिलाचा डबा घेतला.
चमचा काढू का, विचारलं.
"थांब," म्हणाली, आणि तळहात पुढं केला.

मी त्यावर डबा ठेवला.
आणि तिचा हात,
पावणेदोन पौंडांची तयारी करून बसलेला हात,
भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी
तसा झटक्यानं वर गेला,
खांद्यापर्यंत, आणि तिथंच राहिला.

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.
"सव्वा," ती म्हणाली.

बरोबर होतं.
मी पिशवीत चमचा शोधत राहिले,
बराच वेळ.